उभ्या गाडीतले गिअर

परवा चिखलीच्या गॅरेजात माझ्या गाडीचं काम चाललं होतं. मिस्त्री खालून म्हणाला, "ताई, जरा पहिला गिअर टाकून पाहा." ग्रीसचा वास नाकात शिरला आणि मेहकरच्या अंगणातली आई समोर आली.

बाबांकडे जुनी, दोनच सीटांची लाल स्पोर्ट्स कार होती. गिअरच्या दांड्याखालचा जोड इतका झिजला होता की दांडा खिचडीतल्या पळीसारखा नुसताच फिरायचा. बाबांनी लेथवरून पितळेचा बुश, म्हणजे जोडात बसणारी कडी, करून आणला, गाडीखाली शिरले आणि आईला स्टिअरिंगमागे बसवलं. त्या जागी ती पहिल्यांदाच बसत होती.

"पयला टाक. आता दुसरा. अडकते का?"

"थोडासा."

उन्हाने तापलेल्या सीटवर बसून ती दुपारभर गिअर टाकत राहिली. पदर खोचलेला, नजर फाटकापलीकडच्या रस्त्यावर. शेवटी एकही गिअर अडकेना, तेव्हा ती म्हणाली, "चौकापावतर मले चालवू द्या न जी."

"काऊन? तुले कुठी जाचं हाय?" बाबा हात पुसत म्हणाले. "उतर."

मग बाबा स्टिअरिंगमागे बसले, शेजारचे काका बाजूला, आणि दोघं लोणारकडे निघून गेले.

कितीतरी वर्षं मी ही आठवण बाबांच्या कारागिरीची म्हणून सांगत आले.

त्या संध्याकाळी बाबा खुशीत परतले. "लोण्यावानी पडते आता गिअर!"

आई मिरच्यांची देठं खुडत होती. मान वर न करता म्हणाली, "हाव, माहीत हाय मले."