आजोबांनी गाडलेली मेथी

टोकियोजवळच्या इचिकावात आम्ही भाजीसाठी जमिनीचा एक लहानसा तुकडा भाड्याने घेतलाय. शेजारचा तुकडा एका जपानी आजोबांचा. ते भाजी कधीच लावत नाहीत. क्लोव्हर आणि ओट पेरतात, म्हणजे गुरांचा चारा, आणि तो ऐन भरात आला की मातीत गाडून टाकतात. गाडण्याआधी टोपी काढून रोपांची माफी मागतात. "खायला काय लावणार?" असं विचारलं की म्हणतात, "आधी मातीचं जेवण होऊ दे."

गेल्या वसंतात मी मेथी लावली. ओळखीच्या चार मराठी घरांना जुड्या कबूलही केल्या. चार दिवस ओसाकाला जाऊन आले, तर माझी जमीन सपाट! शेजारी आजोबा घामाघूम, हातात फावडं.

"तुमचा क्लोव्हरसारखा चारा अगदी तयार होता. उशीर नको म्हणून मीच गाडला."

मी कसंबसं "आरिगातो", म्हणजे धन्यवाद, म्हणाले. माझी लेक मात्र जपानीत बोलून गेली, "आजोबा, ती आमची भाजी होती!"

आजोबांनी फावडं खाली ठेवून टोपी काढली. आधी त्यांनी माझी वाकून माफी मागितली, मग आमची मेथी गिळून बसलेल्या मातीकडे रागाने पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी इंडियन दुकानातून मेथीदाणे आणून स्वतःच्या अख्ख्या जमिनीत पेरले. महिन्याभराने ते आमच्या दारात उभे. पाठीवर, काखेत, सायकलच्या टोपलीत मेथीच मेथी. मी त्यांना त्याच मेथीचा गरम पराठा वाढला. डोळे मिटून त्यांनी तो बराच वेळ चावला.

"कडू आहे," ते गंभीरपणे म्हणाले, आणि दुसऱ्या पराठ्यासाठी ताटली पुढे केली.