उपास मोडून चाखलेली पेज

मला लहानपणापासून एक वाईट खोड आहे. कुणी काही सांगितलं की आधी तोंडातून 'का?' निघतं. देवीपुढं नारळ का फोडायचा, खोबरं तर शेवटी आपणच खातो. ओटी भरायची तर खणच का, देवीला लुगड्यांची काय कमी आहे? माझी आई कपाळावर हात मारून घ्यायची, म्हणायची, "हिला सासर कसं निभवंल गं बाई!" लग्न होऊन मी उचगावात आले तशी जीभ जरा आवरली, पण डोक्यातले प्रश्न काही आवरले नाहीत. दर शुक्रवारी सासूबाईंबरोबर अंबाबाईला जायची, हात जोडायची, आणि मनात म्हणायची, आई, तू खरंच ऐकतेस का गं? की आम्हीच आपलं बोलत सुटलोय? हे लिहायला लाज वाटते, पण खरं ते लिहायचं म्हणूनच बसले आहे.

माझे मालक शिरोलीला एका फौंड्रीत साचे करायचे. हाताला गुण होता, म्हणून ओळखीच्या एकानं त्यांना मस्कतला कामाला नेलं. ते गेले तेव्हा मला सहावा महिना होता. आमची चिमी जन्मली, पालथी पडली, बसायला लागली, आणि बापानं तिला फक्त फोटोत पाहिलं. ती चौदा महिन्यांची झाली तेव्हा आमची मस्कतला जायची कागदपत्रं आली. आनंद व्हायचा, तर नेमकं त्याच महिन्यात चिमीला जुलाब लागले. पोरीचं पाणी पाणी झालं. डोळे खोल गेले, टाळू आत गेली. सरकारी दवाखान्यात चार दिवस सलाईन लावलं होतं. त्या चार दिवसांत मी एकदाही 'का' विचारलं नाही. घरी सोडताना डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, ह्या पोटाला आता दुसरा धक्का सोसणार नाही. बाहेरचा एक घोट, एक घास द्यायचा नाही. उकळलेलं पाणी आणि तुमच्या हातचं ताजं अन्न, बास." ते वाक्य मी पदराला गाठ मारून घेतलं.

निघायच्या आदल्या दिवशी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला देवळात नेलं आणि मला न विचारताच देवीपुढं बोलून मोकळ्या झाल्या. "आई, विमानात बसायच्या दिवशी सकाळपास्नं माझी सून अन्नपाणी तोंडात घालायची न्हाय. पोरगी बापाच्या मांडीवर बसल्यावरच उपास सोडंल. लेकराला नीट पोचीव." मी चमकून बघितलं. आत्याबाईंनी मला कोपरानं ढोसलं, "मान हालीव की गं!" मी मान हलवली. मनात आलं, उपास मी करायचा आणि नवस ह्यांनी बोलायचा, हा कुठला न्याय? पण दवाखान्यातले ते चार दिवस आठवले आणि गप्प बसले. मग भीतीच बसली. नवस बोलायच्या आधी माणूस मोकळं असतं. बोलल्यावर तो मोडला आणि पोरीला काही झालं तर आयुष्यभर मीच मला खाल्लं असतं.

मुंबईत नणंदेकडं दोन दिवस मुक्काम केला. निघायच्या सकाळी सहालाच उठून मी नाचणीच्या सत्वाची दुधातली पेज शिजवली, वर जायफळ किसून घातलं. चिमीला पोटभर भरवली आणि उरलेली गरमागरम पेज नव्या थर्मासात भरली. हा थर्मास खास प्रवासासाठी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतून आणलेला. आमच्या घरात आजवर कुणी थर्मास वापरला नव्हता. दुकानदारानं सांगितलं होतं की संध्याकाळपर्यंत वाफ निघेल, आणि मला त्या वस्तूचं भारी कौतुक. आत जाळ नाही, निखारा नाही, मग ऊब राहते कशी? झाकणावर आत्याबाईंनी दिलेला काळा दोरा गुंडाळला, कारण आमच्याकडं लेकराचं अन्न उघडं नेत नाहीत, दृष्ट लागते. फिरकीच्या तांब्यात उकळून गार केलेलं पाणी घेतलं. एक गोष्ट मात्र त्या दिवशी राहिली. चिमीला भरवण्याआधी मी रोज बोटभर पेज चाखायची. त्या दिवशी उपास होता, म्हणून चाखली नाही.

विमानतळावर नणंदेच्या नवऱ्याला आत सोडेनात. मग मी, कडेवर पेंगुळलेली चिमी, खांद्याला पिशवी, हातात तांब्या, अशी एकटीच पुढं गेले. दुपारचा एक वाजून गेला होता. बायकांची तपासणी पडद्याआड होती. तिथं साडीतली एक पोलीस बाई सगळ्यांच्या पिशव्या उपसत होती. मी रांगेत उभी राहून डोळे फाडफाडून बघत होते. पावडरचा डबा हलवून का बघते? चपलेच्या टाचेवर का टिचकी मारते? माझी पाळी आली तसा तिनं थर्मास उचलला, दोरा तोडला, झाकण उघडलं आणि पेज झाकणात ओतून माझ्यापुढं धरली. म्हणाली, "चाखून दाखवा."

मला वाटलं, गंमत करते. म्हटलं, "पोरीची पेज आहे ती."

"म्हणूनच म्हणते. लेकराची असेल तर आई बिनधास्त पिईल. आणि त्या तांब्यातलं पाणी पण प्या घोटभर."

बाई गं! मी सांगितलं, माझा उपास आहे, पाण्याचासुद्धा. पोरीला पाजून दाखवते. पण चिमीनं झोपेत ओठ घट्ट मिटलेले, चमचा लावला तर मान फिरवली. पोलीस बाईच्या कपाळावर आठी आली. मागच्या बायका कुजबुजायला लागल्या. आणि तेव्हा मला कळलं की मी कशी दिसत असेन. स्वतःच्या लेकराचं अन्न तोंडाला लावायला तयार नसलेली आई! मीही असल्या बाईवर विश्वास ठेवला नसता. पोलीस बाईनं सांगून टाकलं, "चाखत नसाल तर दोन्ही इथंच ठेवा आणि पुढं व्हा." चिमीचं अंगावरचं दूध सुटलेलं, ठेवून गेले असते तर पोरीला तीन तास विमानात आणि पुढं किती वेळ कोण जाणे, बाहेरचंच काहीतरी द्यावं लागलं असतं. चाखलं असतं तर नवस मोडला असता. दोन्हीकडून माझ्या पोरीच्याच जिवाशी गाठ होती. मी तिथंच रडायला लागले. आणि मनात अंबाबाईला म्हटलं, सांग ना आता, गप्प का?

उत्तर मागून आलं, तेही केवढ्या मोठ्या आवाजात. "आगं ए पोरी, कुठल्या गावची गं तू?"

वळून बघितलं तर बुरख्यातली एक म्हातारी. बुरखा तोंडावरून मागं टाकलेला, हातात गाठोडं. मी म्हटलं, उचगावची. "मग आपल्यातलीच की! मी राधानगरीची. रडायला काय झालंय?" मी हुंदके देत दोन वाक्यांत नवस सांगितला. म्हातारीनं सगळं ऐकलं आणि मला अशी झापली की विचारू नका. "आन् पोरीचंच अन्न टाकून जाणार व्हय तू? नवस कुणासाठी बोलला? पोरीसाठीच न्हवं? अल्ला म्हण न्हायतर अंबाबाई म्हण, लेकराच्या तोंडचा घास काढून घे म्हणून कोण सांगंल? आई हाय न्हवं ती बी? चाख मुकाट्यानं! पाप लागलं तर माझ्या डोस्क्यावर!"

मी डोळे मिटले. आई, माझं चुकत असेल तर मला शिक्षा कर, पोरीला नको, एवढंच म्हटलं आणि झाकण तोंडाला लावलं.

पेज आंबली होती.

जायफळाच्या वासात कळत नव्हतं, पण जिभेवर आली तशी आंबट ढाण लागली. सकाळी सहापासून दुधाची पेज त्या उबेत बसलेली, दुसरं काय होणार? आपण विरजण उबेलाच ठेवतो ना? घरी रोज हे करणारी बाई मी, पण नव्या थर्मासाच्या कौतुकात मला ते सुचलं नाही. आणि विमानात चिमी उठल्यावर मी हेच तिला भरवलं असतं, न चाखता, उपास सांभाळून, देवीचं नाव घेऊन. खाली समुद्र, ना डॉक्टर ना दवाखाना. मी झाकण झटकन तोंडापासून दूर केलं. पोलीस बाई एकदम पुढं झाली, तिला वाटलं, काही भलतंच निघालं. मी नुसतं झाकण तिच्यापुढं धरलं. तिनं वास घेतला, बोट लावून चाखलं आणि तिचा चेहराच बदलला. "अगं बाई," ती हळूच म्हणाली, "हे देणार होतीस पोरीला?"

पेज टाकून दिली. तांब्यातलं पाणी मी घोटभर प्यायले, ते चांगलं होतं. पण तेवढ्यात चिमी जागी झाली आणि भुकेनं तिनं भोकाड पसरलं. म्हातारीनं तोवर गाठोडं सोडलेलं. आत भाजलेल्या तांदळाचं आणि मुगाचं पीठ होतं, मस्कतच्या नातवासाठी घरी जात्यावर दळलेलं. पोलीस बाईनं काही म्हणायच्या आधीच तिनं चिमूटभर पीठ आपल्या तोंडात टाकलं, "बघ बाई, जित्ती हाय मी," म्हणाली, आणि निम्मं पीठ माझ्या डब्यात ओतलं. मी नको नको म्हणत होते. "गप बस, माझा नातू म्हसरागत दणकट हाय, त्येला काय धाड भरलीया?" पोलीस बाईनं कुठूनतरी किटलीभर उकळतं पाणी आणवलं. ते तिनं डोळ्यांदेखत उकळवून घेतलंय असं मला दोनदा सांगितलं. तिथंच भिंतीकडेला बसून मी पीठ कालवलं. ह्या वेळी आधी मी चाखलं. मग चिमीनं वाटीभर खाल्लं आणि ढेकर दिली. मी पोलीस बाईला विचारलंच, खोड जाते कुठं, की हा चाखायचा नियम कुणी काढला? ती हसली. "मला काय माहीत बाई. वरनं आलाय."

वरून आलाय! ती साहेबांबद्दल बोलत होती, हे मलाही कळत होतं.

विमानात म्हातारी माझ्या पुढच्या रांगेत होती. उतरेपर्यंत घोरत होती. उतरल्यावर तिचा मुलगा तिला घेऊन गेला, लांबून तिनं हात हलवला. नाव विचारायचं राहूनच गेलं. आयुष्यभर नको ते विचारत आले आणि जे विचारायचं ते विसरले. बाहेर मालक उभे होते. चिमीनं अनोळखी माणूस बघून त्यांच्या मिशीला हात लावला आणि मग त्यांच्याच खांद्यावर डोकं टेकलं. ते भर गर्दीत रडले. मीही रडले, पण माझ्या रडण्यात भीती होती. पुढं कितीतरी दिवस पोरीला साधी शिंक आली तरी माझ्या काळजात धस्स व्हायचं, की आला, मोडलेला नवस आला.

पत्रात हे लिहायचा धीर झाला नाही. दोन वर्षांनी सुट्टीला आलो तेव्हा चिमी अंगणात कोंबड्यांमागं पळत होती. मी आत्याबाईंचे पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता मला फाडून खाणार. आत्याबाईंनी मला उठवलं. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी मीबी तुझ्यासंगं उपास धरलाता. कुणाला सांगितला न्हवता. दुपारी मिलचा भोंगा झाला आन् जीव असा घाबरा झाला, असा झाला, की मी उठून कपभर च्या प्यालो. मोडला गं माझाबी. दोन वरीस झाली, तुझ्या पत्रात पोरीचं दुखणं हाय का तेवढंच हुडकतोय मी."

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो आणि मग पोट धरून हसलो. हसता हसता आत्याबाईंनी डोळे पुसले. भोंगा दुपारी एकाचा होता की दोनाचा, हे मी विचारलं. त्यांना आठवेना. मी पुन्हा विचारलं नाही. माझ्या जन्मात हा एकच प्रश्न मी अर्ध्यावर सोडला असेल.

दुसऱ्या दिवशी दोघी चिमीला घेऊन अंबाबाईला गेलो. माझ्या मनात आलं, मी नवस असा घट्ट धरून ठेवला होता की पोर बाजूला राहिली आणि नवसच कडेवर बसला. देवीनं तो माझ्या हातातून सोडवला, एका पोलीस बाईच्या नियमानं आणि एका बुरख्यातल्या म्हातारीच्या शिव्यांनी. तिचीच ही करणी का, हे मी सिद्ध करायला जात नाही. पण तेव्हापासून मी अटी घालून नवस बोलत नाही. हात जोडते आणि म्हणते, आई, माझं मला जेवढं कळतं तेवढं मी करते. जिथं चुकेल तिथं तुझं कुणीतरी माझ्या मागं रांगेत उभं कर, आणि त्याला मोठ्यानं ओरडायला सांग.