दगडी गड्याची टोपी

गानिश बोलणंच विसरत चालला होता. अमेरिकेतल्या नेवाडाच्या त्या उजाड खोऱ्यात त्याच्या सोबतीला होती मालकाची मेंढरं, चुरी नावाची पांढरी कुत्री आणि चाकांवरचं एक झोपडं. फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या पिरेनीज डोंगरातलं आपलं बास्क लोकांचं गाव सोडून त्याला वर्षं लोटली होती. त्याच्याच गावचा बत्तिता अधूनमधून शिधा घेऊन यायचा, तेवढाच काय तो माणसाचा वारा. एरवी पाव भाजायचा, सुरीने त्यावर क्रूस काढायचा, पहिला तुकडा चुरीला द्यायचा आणि गप्पाही तिच्याशीच मारायच्या.

मिठाच्या कोरड्या तळ्यापलीकडे लष्कराचा तळ होता. नवी विमानं तिथून उडवून पारखत. पहिल्यांदा एक विमान खोऱ्यातून एवढं खालून गेलं की मेंढरं चौखूर उधळली. ती गोळा करता करता गानिशच्या नाकी नऊ आले. त्याने वैमानिकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"इथंच कशाला कडमडतात मेले?" त्याने बत्तिताला विचारलं.

"इथं कुणी राहत नाही ना, म्हणून."

"मग मी कोण?"

"तू? तुला कोण हिशेबात धरतंय लेका!" बत्तिता खो खो हसला. गानिशला काही हसू आलं नाही.

पुढे मेंढरं आवाजाला सरावली. एका सकाळी गानिश टेकडीच्या माथ्यावर असताना लाल शेपटीचं एक विमान आलं. वैमानिकाचं शिरस्त्राणसुद्धा दिसलं. काय मनात आलं कुणास ठाऊक, गानिशने डोक्यावरची गोल टोपी काढून उंचावली. विमानाने आधी डावा पंख झुकवला, मग उजवा. गानिश मटकन खाली बसला आणि चुरीच्या गळ्यात पडून रडला.

त्या दिवसापासून लाल शेपटी आली की टोपी वर जायची आणि पंख झुकायचे. गानिश रोज दाढी करू लागला.

"हा थाट कुणासाठी रे?" बत्तिताने डोळे मिचकावले. "एखाद्या मेंढीशी सोयरीक जुळली की काय?"

"पाहुणा येतो माझ्याकडे."

"पाहुण्याला म्हणावं, येताना गवत आण. मेंढरं धूळ चरतायत तुझी! उद्याच्या उद्या तळ हलव, नाहीतर मालक तुलाच हलवेल."

बत्तिताचं खरंच होतं. पाहुण्यापायी गानिशने मुक्काम लांबवला होता आणि मेंढरांच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. पण न सांगता जायचं, ते त्याच्या जिवावर आलं.

बास्क मेंढपाळ मुक्काम करतो तिथे दगडावर दगड रचून एक माणूस उभा करतो, सोबत म्हणून. गानिशचा दगडी गडी माथ्यावर उभाच होता. निघताना त्याने त्याला आपला जुना कोट चढवला, डोक्यावर आपली टोपी ठेवली आणि हातासारखा एक लांब दगड उत्तरेकडे रोखून बसवला. आपण कुठे गेलो ते वैमानिकाला कळेल, अशी त्याची बालंबाल खात्री होती.

उत्तरेच्या खोऱ्यात गवत चांगलं होतं. गानिश रोज सकाळी बोडक्या डोक्याने आभाळाकडे बघायचा. कधी डोंगरापलीकडे घरघर व्हायची आणि विरून जायची. त्याला जेवण गोड लागेना. एवढी ओढ तर त्याला आईच्या पत्राचीही लागली नव्हती.

एकदा मागे राहिलेली मेंढी शोधत तो जुन्या खोऱ्यात उतरला आणि तेवढ्यात लाल शेपटी आली. तशीच खालून. माथ्यावर कोट घालून उभ्या असलेल्या दगडी गड्यासमोर तिने डावा पंख झुकवला, मग उजवा.

"अरे, मी इकडे आहे! इकडे!" गानिश ओरडत धावला. चुरी भुंकत पुढे पळाली. विमान केव्हाच तळ्यापार गेलं होतं.

धापा टाकत तो माथ्यावर पोचला. रागारागाने त्याने दगडी गड्याची टोपी हिसकून स्वतःच्या डोक्यावर घातली. उद्या येऊ दे त्याला, बघू दे इथे कुणी नाही ते! मग त्याला उत्तरेच्या खोऱ्यातलं रोजचं रिकामं आभाळ आठवलं.

त्याने टोपी काढली, पुन्हा गड्याच्या डोक्यावर ठेवली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर एक दगड ठेवला.