सरकारचा जावई

“आपण टॅक्स भरायचा आणि हे सरकारचे जावई घरी बसून खाणार,” अभय म्हणाला आणि चिमट्याने माझ्या ताटलीत आणखी एक भाजलेलं कणीस ठेवलं.

फ्लॅट बुश उपनगरातलं त्याचं नवं घर. मागच्या डेकवर रविवारचा बार्बेक्यू. पुण्या-मुंबईकडची चार मराठी कुटुंबं. सगळे हसले. मीही हसलो.

मी तेव्हा बेनिफिटवर होतो. बेकाराला सरकार देतं तो भत्ता. वेलिंग्टनच्या एका सरकारी खात्याचं माझं कंत्राट संपलं, पुढचं मिळालं नाही. बायकोला वृद्धाश्रमात मोजक्या शिफ्ट. त्यात भाडंसुद्धा निघेना. हे तिला, मला आणि आमच्या लेकीला माहीत होतं. अभयला मी सांगितलं होतं, कामाचा कंटाळा आलाय, बदल हवाय. सोमवारी तो त्याच्या मॅनेजरकडे माझं नाव टाकणार होता. म्हणून हसलो. तोंडात घास होता तरी हसलो.

सरकारचे जावई. हा शब्द मला नवा नव्हता. इंजिनिअरिंगला फी भरायला आमची रांग वेगळी. आम्ही सवलतवाले. मागून कोणीतरी म्हणायचं, “सरका रे, जावई आले.” मी दलित. बौद्धवाडीतला, सरकारी वसतिगृहात राहून शिकलेला. पण आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही. पुढे पुढे मी वसतिगृहातल्या पोरांबरोबर कॅन्टीनला जाणंच सोडलं. इकडे आल्यावर कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कोणाला कळत नाही, याचा मला अभिमान वाटायचा. होय, अभिमान.

ओटाहुहूच्या बेनिफिट ऑफिसातही तेच केलं. दारात गार्ड. नाव विचारणार, ओळखपत्र बघणार, मग आत. पहिल्याच दिवशी शेजारी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घातलेला एक माओरी माणूस बसला होता, माझ्याच वयाचा. “किया ओरा, ब्रो. फर्स्ट टाइम, एह?” म्हणत त्याने माझ्यासाठी पाय आत घेतले. मी नुसती मान हलवली आणि एक खुर्ची सोडून बसलो. इस्त्रीचा शर्ट घालून. मी ह्यांच्यातला नाही, हे निदान त्या गार्डला दिसावं म्हणून. त्या माणसाने पाय पुन्हा पुढे पसरले. त्याला कळलं.

डेकवर अभयला रंग चढला होता. ओटाहुहू स्टेशनबाहेर बसणाऱ्यांची तो नक्कल करत होता. माझ्या लेकीला मराठी सगळं समजतं, बोलते इंग्रजीत. तिने विचारलं, “काका, व्हाय सन-इन-लॉ?”

“अगं, जावयाला कसं, काही न करता पाटावर बसून गोडधोड मिळतं. दॅट्स बेनिफिट, बेटा.” मग माझ्याकडे वळून त्याने डोळा मारला. “आपल्याकडेही होतेच की. कॉलेजातले ते स्कॉलरशिपवाले. आठवतात ना रे?”

मला विचारत होता. आपल्यातला समजून.

लेक माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. बाबा आता काय म्हणतो, एवढंच. बायकोने टेबलाखालून माझा गुडघा दाबला. उद्या सोमवार, असा त्याचा अर्थ.

“मी आहे,” म्हणालो.

“काय आहेस?”

“जावई. तिथला पण मीच, इथला पण मीच. स्कॉलरशिपवर शिकलो. आता बेनिफिटवर आहे.”

अभयच्या बायकोने घाईघाईने कोशिंबीर पुढे केली. “भाऊजी, काहीतरीच चेष्टा तुमची.”

“चेष्टा नाही, वहिनी.”

अभय चिमटा धरून तसाच उभा. “अरे, ते तुझ्याबद्दल नव्हतं रे. तू वेगळा आहेस.”

तू वेगळा आहेस. हे एक वाक्य ऐकायला मिळावं म्हणून किती खुर्च्या सोडून बसलो होतो मी. आणि मिळालं तेव्हा ते नकोसं झालं.

“वेगळा नाही. आणि जावयाला दारात गार्ड अडवत नाही, अभय. भेटीची वेळ चुकली म्हणून त्याचं जेवण कापत नाहीत. कसला जावई?”

मी ताटली खाली ठेवली. आम्ही निघालो.

मोटरवेवर बायकोने तोंड उघडलं. “बेनिफिटचं सांगितलंत, एक वेळ ठीक. स्कॉलरशिपचं कशाला काढलंत?” मागून लेक म्हणाली, “दॅट वॉज हीप्स ऑकवर्ड, बाबा.” खरंच, सगळ्यांना फार अवघडल्यासारखं झालं होतं.

अभयचा फोन आला नाही. पुढच्या बार्बेक्यूचा निरोप आम्हाला सोडून सगळ्यांना गेला. मन हलकं झालं, असं लिहिणार नाही. झालं नाही. घरात एका जागी बसवत नाही, बाहेर पडलं की कुठे जायचं ते सुचत नाही. बायको कामापुरतं बोलते.

मुलाखतीत विचारतात, मधल्या काळात काय केलंत? आधी म्हणायचो, थोडं कन्सल्टिंग. परवा म्हणालो, बेनिफिटवर होतो, अजून आहे. समोरच्या बाईंनी मान वर केली, मग म्हणाल्या, तुमच्याकडे बघून वाटत नाही. कौतुकानेच म्हणाल्या. मी म्हणालो, बघून वाटायला काय हवं होतं? त्या ओशाळल्या. ती नोकरी बहुतेक गेली.

जाऊ दे. काम मला हवंय, आजच्या आज हवंय. पण बाकीच्यांपेक्षा वेगळा म्हणून जो मला आत घेईल, त्याच्याकडे मी पाऊल टाकणार नाही.