बेनिग्नाच्या मागच्या भिंतीतले ढेकूण

बेनिग्ना चानला किळस फार. लग्न होऊन युकातानमधल्या त्या गावात आली, तेव्हा सासरच्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं की ही दुसऱ्याच्या भांड्यातलं पाणी पिणार नाही. मक्याच्या रोट्या थापायच्या आधी ती कोपरापर्यंत हात धुवायची. झोळ्या, म्हणजे घरात सगळे झोपायचे त्या विणलेल्या झोळ्या, दर शनिवारी साबणाच्या पाण्यात उकळायची. पाल दिसली की तिच्या घशाशी यायचं.

दगडी कुंपणापलीकडे नणंद तेओफिला राहायची, ताडाच्या पानांनी शाकारलेल्या जुन्या घरात. तिथे कोंबडी टेबलावरून चालत जाई, कुत्रं शेगडीजवळ लोळत असे. बेनिग्ना उंबऱ्यातच उभी राहायची. "वन्सं, या घरात माणसं राहतात की कोंबड्या, ते एकदा ठरवून टाका," असं म्हणायची. तेओफिला नुसती हसायची.

नवरा ओनेसिमो किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या बांधकामावर गवंडी होता, पंधरा दिवसांनी घरी येई. त्याने तीन वर्षांपूर्वी सिमेंटच्या विटांचं घर बांधलं. बेनिग्नाने हट्टाने मागच्या दाराशी, धुणं धुवायच्या कुंडीवर पांढरीशुभ्र ट्यूब लावून घेतली. अंधार पडल्यावरही कपड्यावरचा डाग दिसला पाहिजे, असं तिचं म्हणणं. बांधकामातले उरलेले दगड मागच्या भिंतीला टेकून रचले होते. त्याच भिंतीला बाहेरून सासूने, सगळे मानाने दोन्या म्हणत त्या कासिमिराने, कोंबड्यांची खोकी टांगली होती. कुंपणाजवळ ठेवल्या तर रानातली जनावरं पळवतात, म्हणून. बेनिग्नाला तो वास सहन होत नसे, पण म्हातारीपुढे तिचं काही चालत नव्हतं.

मे महिना होता, पाऊस अजून लांब होता आणि भिंती तापलेल्या होत्या. एका सकाळी बेनिग्नाची सहा वर्षांची लेक रुफिना उठली तर तिची डावी पापणी टम्म सुजलेली, जांभळी पडलेली. दुखत मात्र नव्हतं. पोरगी आदल्या दिवशी तेओफिलाच्या कुत्र्यांशी खेळून आली होती, एवढंच बेनिग्नाला आठवलं आणि पुरलं. ती कुंपणाशी गेली आणि नको ते बोलली. तुमच्या घाणीने माझं लेकरू आजारी पडलं, इथपर्यंत. त्या दिवशी तेओफिला हसली नाही. कोंबड्यांना टाकायचा मका हातात तसाच धरून ती आत निघून गेली.

आरोग्य केंद्रातली नर्स सोकोर्रो हिने पापणी बघितली, पोरीचं रक्त घेतलं आणि विचारलं, "घरात रानढेकूण दिसलाय का? काळा, चपटा, कडेला पिवळे पट्टे, बोटाच्या दोन पेरांएवढा?"

"माझ्या घरात मुंगीसुद्धा विचार करून येते," बेनिग्ना म्हणाली.

"ढेकणाला झाडलेली जमीन कळत नाही, बेनिग्ना. त्याला उजेड दिसतो आणि रक्त लागतं. घरी जाऊन झोळीच्या कड्याजवळ बघ. सापडला तर मारू नको, बरणीत घालून आण."

बेनिग्ना रागानेच घरी आली. रुफिनाची झोळी ज्या कड्याला अडकवायची, त्याच्या खाली भिंतीवर शिंतोडे होते, काळे आणि पांढुरके, शाई ओघळल्यासारखे. ते तिला नवे नव्हते. पालीची घाण समजून ती दर शनिवारी ओल्या फडक्याने ते पुसायची. त्याच फडक्याने मग टेबल पुसायची. शेजारी टांगलेलं कॅलेंडर तिने उचललं आणि मागे तो बसलेला दिसला. पोट फुगलेलं, टपोऱ्या द्राक्षासारखं, इतकं जड की त्याला धड पळताही येईना. पोटातलं रक्त कातडीतून काळसर दिसत होतं. ते कोणाचं होतं हे कळायला तिला वेळ लागला नाही. हाताला दोन पिशव्या गुंडाळून तिने तो बरणीत ढकलला.

मग ती बाहेर जाऊन भिंतीवरचं पहिलं खोकं उतरवायला लागली. वाळलेलं गवत, पिसं, विष्ठेचे थर. गवत उचललं तर खालची धूळ हलली. ती धूळ नव्हती. ढेकणांची पिल्लं होती, पंख न फुटलेली, अंगावर माती माखून घेतलेली. तिने तीस मोजली आणि खोकं तिथेच टाकलं. कुंडीपाशी जाऊन ती ओकली, पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिली.

दुसऱ्या दिवशी सोकोर्रो स्वतः आली. रोग कसा होतो ते तिने सांगितलं. चावण्याने रोग होत नाही. हा किडा झोपलेल्या माणसाचं रक्त पोटभर पितो आणि पिऊन झालं की तिथेच हगतो. त्या घाणीत रोगाचे जंतू. पोर झोपेत खाजवते आणि तोच हात डोळ्याला लावते. वेळीच औषध झालं नाही तर जंतू वर्षानुवर्षं रक्तात लपून राहतात आणि शेवटी हृदय पोखरतात.

सोकोर्रोने घराला एक फेरी मारली. भिंतीवरच्या कोंबड्या, दगडांचा ढीग, छताखालची फट, जाळी नसलेली खिडकी, सगळं तिने दाखवलं. ट्यूबखाली ती जरा जास्तच थांबली. उन्हाळ्यात हे रानातून उडत येतात आणि गावातल्या सगळ्यात लख्ख उजेडाकडे येतात, म्हणाली. इथे आले की दगडात लपायला जागा, भिंतीवर कोंबड्या आणि फटीतून आत गेलं की माणसं. मग ती तेओफिलाकडे गेली. तिथे तिला एकच मेलेला ढेकूण सापडला. तेओफिलाच्या कोंबड्या लांबच्या झाडावर झोपत आणि संध्याकाळनंतर तिच्या दाराशी दिवाही नसे.

हे सगळं दोन्या कासिमिरा दारात बसून ऐकत होती. नर्स गेल्यावर ती सुनेला म्हणाली, "तुझ्या सासऱ्याचा लहानपणी एक डोळा असाच सुजला होता. त्याची आई सांगायची."

सासरा शेहेचाळिसाव्या वर्षी मक्याच्या शेतात कोसळला होता. हृदय मोठं झालं होतं, असं डॉक्टर म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बेनिग्ना उठली तर म्हातारी एकटीच खोकी काढून ओढत होती. दोघींनी मिळून ती जाळली. जळताना आतून बारीक तडतड येत होती. बेनिग्नाने नाकाला फडकं लावलं, पण पुरतं जळेपर्यंत जागची हलली नाही. नंतर तिने ट्यूबही काढायला लावली.

दगड हलवायला तेओफिला न बोलावता आली. प्रत्येक दगडाखाली काहीतरी पळत होतं. बेनिग्ना एक दगड उचलायची, तोंड फिरवायची आणि दुसऱ्याला हात घालायची. अर्धा ढीग संपल्यावर ती म्हणाली, "वन्सं, मी त्या दिवशी घाण बोलले."

"मी हसते म्हणजे मला लागत नाही असं नाही, वहिनी."

"ठाऊक आहे."

"आता ठाऊक झालंय," तेओफिला म्हणाली आणि उकळतं पाणी आणायला गेली.

रुफिनाच्या रक्तात जंतू सापडले. साठ दिवस गोळ्या चालल्या. पोरीच्या अंगभर पुरळ उठलं, ती जेवेना, गोळी दिसली की रडून आकांत करायची. पण रोग नवा होता म्हणून औषध लागू पडलं. वर्षाने केलेल्या तपासणीत रक्त चांगलं आलं.

घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं तेव्हा बेनिग्नाच्याही रक्तात जंतू निघाले, आणि तिचा रोग जुना होता, बहुधा माहेरच्या लहानपणातला. आरशासारखं घर ठेवणाऱ्या बाईने ती घाण इतकी वर्षं स्वतःच्या रक्तात वागवली होती. त्या दिवशी तिने तीनदा अंघोळ केली. चौथ्यांदा पाणी काढायला लागली तेव्हा सासूने तिच्या हातातून तांब्या काढून घेतला आणि तिला आपल्याजवळ बसवून घेतलं. हृदयाचा आलेख अजून तरी चांगला आहे. दरवर्षी तालुक्याला जाऊन तो काढावा लागतो आणि त्या सकाळी तिला घास उतरत नाही.

आता सोकोर्रोबरोबर ती घराघरात जाते, कारण घाण कुठे लपते हे तिच्याइतकं कोणी बघत नाही. सवय मात्र झालेली नाही. गेल्या उन्हाळ्यात एका घरी उशीच्या अभ्र्यात चार ढेकूण निघाले. तिने ते न थरथरता बरणीत घातले, झाकण लावलं, घरच्या बाईला खिडकीची जाळी कशी ठोकायची ते नीट समजावलं, आणि मग परसात जाऊन ओकून आली.