चिकूच्या काठीवरचा तास

"वर्ग आहे की चिकूची वाडी?" आमचे विभागप्रमुख एवढ्या जोरात ओरडले, की नरपडच्या कोळ्यांनी वादळ समजून होड्या मागे वळवल्या. जयवंत राऊत खडू धरून फळ्याशी उभा. चिकू उतरवायची घरची लांब काठी त्याने बाकाला बांधली होती आणि टोकाच्या जाळीत मोबाइल ठेवून तो आपला तास चित्रित करत होता. साहेब थेट फळ्यापुढे आले. "ऑनलाइन म्हणजे मास्तरकीला लागलेली वाळवी आहे, राऊत! दांडीबहाद्दरांना घरबसल्या शिकवणार?"

तलासरीची त्याची पोरं दांडीबहाद्दर नव्हती. मजुरीला जायची, आठ-आठ दिवस वर्गात दिसायची नाहीत. रेंजसाठी चिंचेवर चढून जयवंतचं रसायनशास्त्र बघायची. दोन पोरं झाडावरून पडली, परीक्षेत एकही नाही... साहेबांनी त्याला मेमो दिला आणि काठी जप्त करून आपल्या कपाटामागे टाकली. आम्ही बाकीचे प्राध्यापक चहा पीत राहिलो. कॅमेऱ्याला आम्हीही भ्यायचो. हसण्यात तर मीच पुढे होतो.

जयवंत पुस्तकांच्या थप्पीवर मोबाइल टेकवून तास करत राहिला. पुढे वरून फर्मान आलं, ऑनलाइन शिकवा. साहेब एका दुपारीत डिजिटल झाले.

गेल्या महिन्यात तास संपवून जयवंत स्टाफरूममध्ये बसला, तो उठलाच नाही. त्याचा मोबाइल वहिनींनी माझ्या हवाली केला. तेराव्याचं जेवण पचायच्या आत साहेबांचं बोलावणं आलं. तपासणी समिती यायची होती. जयवंतच्या तासांवर त्यांना स्वतःचं नाव हवं होतं.

"गेलेल्या माणसाला नावाचं काय, भाऊ?"

मेलेल्याच्या निमित्ताने जिवंतांना क्षमा करायची म्हणतात. मला जमत नाही. मी मात्र मान अशी डोलावली, की नंदीबैल लाजावा.

समितीपुढे पडदा उजळला. मोठ्या अक्षरांत साहेबांचं नाव आलं आणि पाठोपाठ साहेब स्वतः: "वर्ग आहे की चिकूची वाडी?" त्या दिवशी जाळीतला मोबाइल चालूच राहिला होता, आणि जयवंतने ते कधी पुसलं नव्हतं. वाळवीपर्यंत सगळं वाजलं. साहेब सुक्या बोंबलासारखे आक्रसत गेले, तसतसा मी आवाज वाढवत गेलो. मग उरलेले सगळे तास लावले, राऊतच्या नावानिशी.

तेवढ्यानेही पोट भरेना. नरपडला जयवंतच्या घरी जाऊन वहिनींना सगळं रंगवून सांगितलं. समितीचे तिघे होते, त्यांचे सात केले. साहेबांना दोनदा घेरी आणवली. वहिनींनी ऐकून घेतलं. मग मागच्या भिंतीवरच्या दोन रिकाम्या खिळ्यांकडे बघितलं.

"काठी आणलीत का?" त्या म्हणाल्या. "चिकू उतरवायचेत."