पाठीमागच्या टाचण्या

माझी मावशी पुतळ्यांना कपडे घालते. असं सांगितलं की लोक हसतात आणि मला राग येतो. तो तसाही माझ्या नाकावरच बसलेला असतो. शहरातल्या सगळ्यांत महागड्या रस्त्यावर कपड्यांचं एक मोठं दुकान आहे. त्याच्या काचेआड जे बिनडोक्याचे पुतळे ऐटीत उभे असतात, ते मावशीच्या हाताखालून गेलेले असतात. काचेला आतून कागद लावून ती काम करते. कागद निघाला की येणारेजाणारे थबकतात.

त्या कामाची खरी गोम पाठीमागे असते. पुतळा काटकुळा आणि कपडा सैल. मग मावशी जास्तीचं कापड पाठीवर चिमटीत धरते, चुण्या घालते आणि टाचण्या मारत सुटते. समोरून पाहावं तर कपडा अंगावरच शिवलेला वाटतो, मागून पाहावं तर साळिंदर. "वरून कीर्तन, आतून तमाशा," असं ती स्वतःच म्हणते. कामात टाचण्या ओठांत धरायची सवय, म्हणून घरीसुद्धा ती तोंडाच्या एका कोपऱ्यातूनच बोलते.

आई तिची थोरली बहीण. दोघींचं क्षणभर पटत नसे आणि एकमेकींवाचून पानही हलत नसे. आईला तो रस्ता बघायची फार हौस होती. मावशी दर वेळी म्हणायची, "एवढा सेल संपू दे, मग नेते." सेल काही संपले नाहीत. मधल्या मधे आई आजारी पडली.

आजाराचं पुराण लावत नाही. डॉक्टर म्हणाले, आता औषधं पुरे, घरी न्या, तिला हवं-नको बघा. आईला विचारलं तर तिनं मावशीकडे पाहिलं.

"तुझा तो रस्ता दाखव. पण आजारी बाईला हवा खायला आणलंय, असं नको. एक संध्याकाळ कुणी माझ्याकडे बिचारी म्हणून बघू नये. एवढंच."

कपाटातून तिचा जांभळा ड्रेस काढला. एके काळी तो तिला घट्ट व्हायचा. आता तो तिच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. आरशात बघून आईनं कमरेपाशी ते कापड मुठीत गोळा केलं.

"लहान मापाचा नवा आणते मी," मावशी म्हणाली.

"नवा नको. हा माझा आहे."

मावशीनं पर्समधून टाचण्यांची डबी काढली, चार टाचण्या ओठांत धरल्या आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

"सरळ राहा. हलू नकोस."

"मी काय पुतळा आहे?"

"पुतळे परवडले. त्यांना तोंड नसतं."

मग मावशी समोर येऊन बघायची, पुन्हा मागे जायची. हळूहळू आरशात माझी जुनी आई उभी राहिली. मला रडू आलं, म्हणून मी उगाच चप्पल शोधायला गेले. निघताना मावशीनं बजावलं, "पाठ कुठंही टेकायची नाही." माझं काम सोपं होतं. आईच्या मागे अगदी लागून चालायचं, म्हणजे तिची पाठ कुणाला दिसणार नाही.

आधी चित्रांचं दालन. पांढऱ्या भिंती, आवाज न होणारी फरशी. आई एका मोठ्या निळ्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "कळलं काही नाही, पण डोळे निवले." मावशी मात्र सवयीनं चित्राच्या मागे डोकवायला गेली आणि तिथल्या मुलीची बोलणी खाऊन आली. मग काचेतली दुकानं बघितली. घड्याळं, अत्तरं, एकाच बुटासाठी लावलेला अख्खा दिवा. मावशीच्या दुकानासमोर आई थांबली. काचेत पुतळे आणि त्यांच्यावर आमचं प्रतिबिंब. तेवढ्यात दुकानातून बाहेर पडलेली एक बाई म्हणाली, "किती छान बसलाय हा ड्रेस तुम्हाला! कुठे शिवलात?"

"बहिणीनं," आई म्हणाली. "तिला माझं माप ठाऊक आहे."

मावशी लगबगीनं पुतळ्यांकडे बघायला लागली.

कोपऱ्यावरच्या हॉटेलात जेवायला बसलो. खुर्च्या मऊ, पाठी उंच. आई काठावर ताठ बसली. वेटरनं अदबीनं विचारलं, "मॅडम, पाठीला उशी देऊ?" आम्ही तिघी एकदम ओरडलो, "नको!" आणि इतकं हसलो की शेजारचे लोक वळून बघायला लागले. आईनं सूप घेतलं, निम्मं प्यायली, उरलेलं माझ्याकडे सरकवलं. खिडकीबाहेरचे दिवे बघत ती बराच वेळ बसून राहिली. खूश होती.

घरी येऊन मावशीनं टाचण्या काढल्या. अस्तरावर रक्ताचे दोन डाग होते.

"टेकलीस ना? सांगायचं नाही?"

"फार दमले होते गं," आई म्हणाली. "सांगितलं असतं तर उठवलं असतंस."

महिन्याभरानं आई गेली. तोच ड्रेस घालायचा, असं ती सांगून ठेवून गेली होती. मावशी आणि मी, दोघींनीच तिला कपडे केले. मी तिला कुशीवर धरून ठेवलं होतं. मावशीनं पाठीवरचं सैल कापड चिमटीत धरलं, चुणी घातली, टाचणी मारली. मग दुसरी. तिसरी. तिचे हात झरझर चालले होते आणि मीही मुकाट बघत होते, कारण समोरून आई पुन्हा त्या संध्याकाळसारखी दिसायला लागली होती.

एकाएकी मावशीचे हात थांबले. तिनं एकेक टाचणी काढून डबीत टाकली. मग एखादी राहिली तर नाही ना, म्हणून आईच्या पाठीवरून तळहात फिरवला, वरून खाली, पुन्हा वरून खाली. चुण्या सुटल्या आणि ड्रेस होता तसा ढगळ झाला. ओठांत एकही टाचणी नव्हती, तरी मावशी तोंडाच्या कोपऱ्यातूनच बोलली.

"राहू दे सैल. आता टेकू दे तिला."